काशाच्या पान्याची साक्ष

मी पाना बोलतोय. नट-बोल्ट आवळायचा आणि ढिला करायचा, तोच पाना. फक्त लोखंडाचा नव्हे, काशाचा. हातभर लांब, वजन दोन किलोच्या आसपास, रंगाने पिवळट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कपाटात ठेवायची शोभेची वस्तू असावी. माझा फटका ज्याने खाल्लाय त्याला तसं वाटत नाही.

माझा जन्मच मारहाणीत झाला. ओतशाळेत आम्हा सहा भावंडांना एका मुशीतून वाळूच्या साच्यांत ओतलं, पुरते निवायच्या आत साचे फोडले, कडा छिनीने तोडल्या आणि अंगावर कानस फिरवली. ओतारी मात्र समाधानाने म्हणाला, "आता यांना लोखंडावर आपटा, दगडावर आपटा, ठिणगी पडायची नाही."

तेवढ्यासाठीच तर आम्हाला घडवलं होतं. आम्ही जिथे जाणार होतो तिथे एक ठिणगी पडली तरी घात होता.

डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या आणि पायथ्याशी पाच वस्त्या, असं ते ठिकाण. पवनचक्क्यांच्या विजेवर पाणी फोडायचं, त्यातून हायड्रोजन काढायचा आणि तो पाइपातून काचेच्या भट्टीला, दवाखान्याला आणि बसच्या आगाराला पुरवायचा, असा बेत होता. आजवर हे सगळं कोळशावर आणि डिझेलवर चालायचं. भट्टीवरची माणसं पन्नाशी गाठायच्या आत काळं थुंकायला लागायची.

हे जाळं कुणा बड्या मालकाचं नव्हतं, पाच वस्त्यांचं होतं. घरटी एक माणूस चर खणायला यायचा. अकरा जणांची समिती होती. निवृत्त शिक्षिका अध्यक्ष होत्या, सगळे त्यांना बाई म्हणायचे. पाइप कुणाच्या दारावरून जाणार, टाकी शाळेपासून किती लांब हवी, यावर शाळेच्या सभागृहात भांडणं व्हायची, मग हात वर व्हायचे आणि निर्णय व्हायचा. भांडत भांडत का होईना, काम पुढे सरकत होतं.

या कामावरचा मिस्त्री माझा पहिला मालक. हा हाडाचा पाइप जोडणारा. सांध्याला कान लावून गळती ओळखायचा. काम संपलं की मला फडक्याने पुसायचा, लहान पोराचं तोंड पुसावं तसं. त्याची लेक त्याच्याच हाताखाली शिकून तयार झाली होती, अठ्ठावीस वर्षांची आणि भलती तापट. तिला सगळे ठिणगी म्हणायचे.

"हायड्रोजनच्या कामावर ठिणगी!" तिचा चुलतभाऊ लंबू हसायचा. "काका, हिला आधी विझवून आणा, मग आत घ्या."

हा लंबू मिस्त्रीच्या थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा. थोरला भाऊ कोळशाच्या वखारीवर मुकादम होता आणि चाळीस हमाल त्याच्या शब्दावर चालायचे. आईबाप लवकर गेल्यावर त्यानेच मिस्त्रीला वाढवलं होतं. स्वतः अर्धपोटी राहून धाकट्याला शिकवलं होतं. त्याच्या हातांच्या रेषांत कोळसा इतका मुरला होता की कितीही घासले तरी ते हात पांढरे व्हायचे नाहीत.

लंबू वखार सोडून पाइपाच्या कामावर आला, त्या दिवशी मी पहिल्यांदा माणसाने माणसाला मारलेलं पाहिलं. मुकादम भर दुपारी चरापाशी आला आणि त्याने फावड्याचा दांडा पोराच्या पाठीत घातला. लंबू चरात कोसळला. दुसरा फटका मिस्त्रीने मध्ये पडून स्वतःच्या दंडावर घेतला.

"तुला अंगाखांद्यावर वाढवला," मुकादम म्हणाला, "आणि तू माझंच पोर पळवलंस?"

"पळवलं नाही दादा. त्याच्या छातीतून शिट्टी वाजायला लागलीय. तुला ऐकू येत नाही का?"

मुकादमाला ऐकू येत होतं, म्हणूनच तो चिडला होता. त्याने दांडा फेकून दिला. "रोज संध्याकाळी हा धड घरी आला पाहिजे. एक दिवस जरी..." पाठ फिरवून तो निघून गेला.

पाच महिने लंबू रोज धड घरी गेला.

मग आमच्यातला एक पाना कुणीतरी लांबवला. पितळेसारखा दिसतो, म्हणून असेल. मिस्त्रीने डोक्यात राख घालून घेतली. त्याने लोखंडी कपाटाला कुलूप ठोकलं, आम्ही उरलेले पाच आत आणि किल्ली त्याच्या खिशात. नियम त्यानेच शिकवला होता, की गॅस भरलेल्या लाइनवर काशाच्या पान्याशिवाय हात लावायचा नाही आणि कपाट कामाच्या वेळी उघडं ठेवायचं. त्या दुपारी तो कुलूप लावून शाळेत बायकांच्या बैठकीला गेला. टाकीची भीती वाटते, असं त्या म्हणत होत्या, त्यांची समजूत काढायला.

मी कपाटात होतो, त्यामुळे मला दिसलं काहीच नाही. ऐकू मात्र सगळं आलं.

आधी बारीक फुसफुस ऐकू आली. मग लंबूची धावती पावलं. कपाटाची कडी खडखडली. "काका!" त्याने हाक मारली. "अरे, किल्ली कुणाकडे आहे?" कुणाकडेच नव्हती. त्याने कडीला हिसके दिले, लाथ घातली. फुसफुस वाढली. भिंतीपलीकडे सहा माणसं जेवायला बसली होती, हे त्याला ठाऊक होतं. तो क्षणभर थांबला. मग हत्यारांच्या पेटीत खडखडाट झाला आणि मला कळलं की त्याने लोखंडी पाना उचलला.

त्यानंतरचा आवाज सांगता येत नाही. कपाट भिंतीवर आदळलं आणि आम्ही पाचही एकमेकांवर आपटलो. पलीकडची सहा माणसं भिंतीने वाचवली. लंबूला कुणी वाचवलं नाही.

मिस्त्री धावत आला. किंचाळ्या चालू होत्या, धूळ खाली बसायची होती. तो आधी पुतण्याकडे गेला असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं असतं. पण तो कपाटाशी आला, त्याने कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि कुलूप खिशात घातलं. मग तो वळला आणि लंबूचं जळलेलं डोकं मांडीवर घेऊन ओरडू लागला. ते ओरडणं खोटं नव्हतं. पण कुलूप काढणंही खरं होतं, आणि ते जाणणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता.

चौकशी झाली. अहवालात आलं, की योग्य पाना उघड्या कपाटात उपलब्ध असताना कामगाराने निष्काळजीपणे लोखंडी पाना वापरला. मिस्त्रीने त्यावर सही केली.

बापाला पोराचं मरण एक वेळ पचवता येईल, पण पोर मूर्खपणाने मेलं असं सरकारी कागदावर वाचणं त्याला पचवता येत नाही. मुकादम तो कागद घडी करून छातीच्या खिशात बाळगायचा. "माझा पोरगा बेफिकीर नव्हता," एवढंच तो भेटेल त्याला सांगायचा. लोक मान हलवायचे आणि वाट धरायचे.

मिस्त्रीचे हात त्यानंतर कापायला लागले. सांध्याला कान लावला तरी त्याला गळती कळेना. त्याने मला ठिणगीच्या हातात दिलं आणि स्वतः कोपऱ्यात बसून नुसता बघत राहिला. ठिणगीला वाटलं, बाबा दुःखाने खचलेत. अर्धं खरंच होतं ते. तिने काम अंगावर घेतलं. जिथे लंबू गेला तो सांधा तिने स्वतः कापून नवा बसवला. माझ्यावर सगळा भार टाकून ती नट आवळायची आणि दात आवळून रडायची. बाईंनी काम थांबवू दिलं नाही. घराघरांत जाऊन त्यांनी माणसं परत गोळा केली.

दीड वर्षाने भट्टी पेटवायचा दिवस ठरला. सकाळी अकराची वेळ होती. पाची वस्त्यांतली माणसं आवारात जमली होती. ठिणगी मला कमरेच्या पट्ट्यात खोचून शेवटची पाहणी करत होती. लाइनीत गॅस सोडलेला होता.

तेवढ्यात फाटक तुटलं.

कोळशाचा ट्रक फाटकासकट आत घुसला. मागून वखारीतले हमाल दांडे आणि गज घेऊन आले. भट्टी बदलली की वखार बंद, हे त्यांना माहीत होतं. समितीने त्यांना नव्या कामाचं सांगितलं होतं, पण ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यात पुढे मुकादम होता. त्याच्या हातात काहीच नव्हतं.

रखवालदाराने हात आडवा केला, तर त्याच्या तोंडावर गज बसला आणि दात सांडले. बाई दोन्ही हात पसरून पुढे झाल्या. "थांबा! लाइनीत गॅस आहे! सगळे मराल!" त्यांना कुणीतरी ढकललं. त्यांचं डोकं दगडी पायरीवर आपटलं आणि पांढरे केस लाल झाले. मग कुणाचंच भान राहिलं नाही. काल एका बाकावर बसून चहा पिणारी माणसं एकमेकांच्या बरगड्यांत लाथा घालत होती. कुणी कुणाचा कान चावला, कुणी विटेने कपाळ फोडलं.

एक दांडगा हमाल गज उगारून मीटरच्या खोलीकडे धावला. ठिणगीने मला पट्ट्यातून उपसलं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडलेलं मला आधी कळलं, त्याला नंतर. नट निसटतो तेव्हा जो हिसका बसतो, तसाच तो होता. मला तो आवडला नाही. पण खरं सांगतो, ठिणगीच्या हाताला त्या क्षणी तो आवडला होता.

तेवढ्यात ट्रक उलटा मागे आला. चालक घाबरला होता, त्याला पळायचं होतं. ट्रकची मागची बाजू पाइपांवर धडकली, एक पाइप चिरला आणि पत्र्याला पत्रा घासला.

मोठा आवाज झाला नाही. शिट्टीसारखी एक सणसणीत धार सुटली, एवढंच. सगळ्यांना वाटलं, नुसता गॅस गळतोय. चालक ट्रकमधून उडी मारून पळाला आणि चार पावलांवर त्याची बाही पेटली, मग केस पेटले. तो किंचाळत लोळला. कशाने पेटला ते कुणाला दिसेना. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. भर उन्हात, रिकाम्या दिसणाऱ्या हवेत, माणूसभर लांबीची आग जळत होती.

जो जिथे होता तिथेच थिजला. पाऊल उचलावं तर कुठे?

"कुणी हलू नका!" ठिणगी ओरडली. "त्याला घोंगडीत गुंडाळा! आगीवर पाणी मारू नका, आधी गॅस बंद झाला पाहिजे!"

तिने कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू उचलला, समोर धरला आणि एकेक पाऊल पुढे टाकू लागली. झाडूचं टोक भसकन पेटलं. इथे आग आहे. ती डावीकडे सरकली. पुन्हा पेटलं. अजून डावीकडे. आंधळा काठीने वाट काढतो तशी ती आगीच्या कडेकडेने व्हॉल्व्हपर्यंत पोहोचली.

व्हॉल्व्हचं चाक ट्रकच्या धक्क्याने तुटून पडलं होतं. चौकोनी दांडा तेवढा शिल्लक होता. तिने मला त्यावर चढवलं आणि जोर लावला. दांडा वाकला होता, हलेना. तिच्या भुवया जळाल्याचा वास आला. तिने पुन्हा जोर लावला. मी जरासा सरकलो आणि अडलो.

"दम लागलाय तुला," मागून आवाज आला. "हो बाजूला जराशी."

मुकादम होता. तिच्याच पावलांवर पाऊल ठेवून आला होता.

"काका, मागे व्हा! जळाल!"

"गप. जोर लाव."

त्याचे काळे हात तिच्या हातांवर आले. दोघांनी मिळून मला दाबलं. माझा जबडा फाटतोय की काय, असं वाटलं. दांडा करकरला आणि फिरला, अर्धा फेरा, एक फेरा, मग तिसरा. मुकादमाचा उजवा पंजा ज्योतीत होता. कातडी सोलली गेली तरी त्याने पकड सोडली नाही. सणसणती धार बारीक झाली, कुजबुजली आणि थांबली.

ठिणगी गुडघ्यांवर बसली. मुकादम मला हातात घेऊन तसाच उभा राहिला, धापा टाकत. आवारातली माणसं हळूहळू हलायला लागली. कुणीतरी रडत होतं.

त्याच वेळी मिस्त्री गर्दीतून पुढे आला. भावाचा सोललेला पंजा त्याने पाहिला आणि त्याच्या आत काहीतरी तुटलं. त्याने दुसरी वेळ निवडायला हवी होती. पण दीड वर्ष दाबून ठेवलेलं वेळ बघून बाहेर पडत नाही.

"दादा," तो म्हणाला, "कपाटाला कुलूप होतं. मी लावलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती."

मुकादमाला आधी समजलंच नाही. "कुठलं कपाट?"

"लंबूने पाना शोधला असणार दादा. त्याला मिळाला नाही. तो बेफिकीर नव्हता. मी नंतर येऊन कुलूप काढलं."

मुकादमाने छातीच्या खिशाला हात लावला. कागद तिथेच होता. मग त्याने मला उचललं.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा कानावर. मिस्त्रीने हात वर केला नाही. तिसरा गुडघ्यावर बसला आणि तो आडवा झाला. मी नट फोडलेत, गंजलेले बोल्ट तोडलेत. पण ज्या हातांनी मला रोज पुसलं त्या माणसाचं हाड माझ्याखाली मोडलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. शंभर माणसांना तोंड होतं. त्यातलं कुणी ओरडलं नाही.

चौथ्या फटक्याला ठिणगी बापाच्या अंगावर पडली. "मारा! मला मारा काका! मीही त्याच घरातली आहे!"

मी तिच्या डोक्यापासून वीतभर वर थांबलो. मुकादमाचा हात हवेत तसाच राहिला. मग त्याने मला सोडून दिलं आणि तो फतकल मारून बसला. "निष्काळजी म्हणाले रे त्याला," तो भावाला सांगू लागला, जणू भावाला ते माहीतच नव्हतं. "दीड वर्ष निष्काळजी म्हणत होते."

त्याच दुपारी पोलिसांनी मला पोत्यात घातलं. पुढचं मला कचेरीतल्या बोलण्यांतून कळलं. ट्रकचालक जगला. बाईंच्या डोक्याला चौदा टाके पडले आणि पंधराव्या दिवशी त्यांनी समितीची बैठक लावली. मिस्त्री वाचला, पण एक कान गेला, पाय वाकेना आणि उजवा हात उचलेना. त्याने डाव्या हाताने वाकड्यातिकड्या अक्षरांत जबाब लिहून दिला. चौकशीचा अहवाल बदलला. लंबूच्या नावापुढचा तो शब्द खोडला गेला. मुकादम खटला उभा राहीपर्यंत कोठडीत गेला. वखार बंद झाली. हमालांपैकी अकरा जण पाइपाचं काम शिकायला आले आणि त्यांना शिकवायला ठिणगीच होती. ज्याचं मनगट तिने मोडलं होतं, तोही त्यात आहे म्हणतात. दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात.

खटला उभा राहिला तेव्हा मला न्यायालयात आणलं. मिस्त्री म्हणाला, माझी तक्रार नाही. न्यायाधीश म्हणाले, तक्रार तुमची नसली तरी गुन्हा राहतोच. मग ठिणगीला बोलावलं. बाहेर नातेवाइकांनी तिला सांगून ठेवलं होतं, की धक्काबुक्कीत कुणी मारलं ते दिसलं नाही म्हण, घरातलं घरात मिटेल.

वकिलाने मला तिच्यासमोर धरलं. "हाच पाना का?"

"हाच."

"याने कुणी मारलं?"

तिने पाय घट्ट रोवले. मी तिच्या हातात दीड वर्ष राहिलोय. ती सगळा भार टाकण्याआधी अशीच पाय रोवायची.

"काकांनी मारलं," ती म्हणाली. "तीन फटके. त्याआधी याच पान्याने काकांनी माझ्यासोबत व्हॉल्व्ह बंद केला. नाहीतर आवारातलं कुणी उरलं नसतं. आणि याच पान्याने मीही एकाचं मनगट मोडलं. त्याची नोंद कुणी केली नाही, ती करा."

लेखनिकाची लेखणी थांबली. आरोपीच्या पिंजऱ्यात मुकादम उभा होता. त्याचा उजवा पंजा आता पुरता मिटत नाही. तिच्याकडे बघत त्याने विचारलं, "भट्टी कशी चालतेय गं?"

"शांतता राखा," कुणीतरी ओरडलं.

"चालतेय काका," ती म्हणाली. "नीट चालतेय."

मग मला पुन्हा पोत्यात घातलं. गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा, जबड्यात सुकलेलं रक्त. इथे, मुद्देमालाच्या खोलीत, माझ्या शेजारी एक कोयता आहे, एक दोरी आहे आणि एक बाळाचा पाळणा आहे. आम्ही एकमेकांना काही विचारत नाही.

निकाल लागेल तेव्हा माझं काय करायचं हेही कागदावर लिहिलं जाईल. कदाचित वितळवतील. त्याचं मला भय नाही, मुशीतून मी एकदा जाऊन आलोय. पण मला वितळवण्याआधी कुणी माझ्याबद्दल दोन ओळी लिहिणार असेल, तर त्याच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. नुसतं हत्यार म्हणून लिहू नका आणि नुसतं अवजार म्हणूनही लिहू नका. ज्यांच्या हातात मी होतो, ती माणसंही तेवढ्याच एका शब्दात मावणारी नव्हती.